ओढ्यापार नेलेली शाळा

अल्मेडा स्ट्राउडला त्या हिवाळ्यात एका जागी बसवत नव्हतं. मुलं पाठ म्हणत असली की ती खिडकीपासून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. दुपार कलली की दार उघडून बाहेर डोकवायची. थंडीचा झोत आत शिरला की मागच्या बाकावरची मोठी मुलं कॉलर वर करून एकमेकांना खुणावायची. बाईंच्या पायाला भिंगरी लागलीय, असं ती आपसात म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं. तिनं कुणाला काही म्हटलं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

याचं मूळ होतं ओढ्यात. शाळा ओढ्याच्या पश्चिमेला, लायमन ऑर्कटच्या जमिनीच्या कोपऱ्यावर उभी होती. अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या माळावर वस्ती झाली तेव्हा सगळी घरं त्याच बाजूला होती, म्हणून शाळाही तिथंच झाली. मग पूर्वेला नॉर्वेची माणसं आली. त्यांनी जमिनी घेतल्या, घरं बांधली, आणि बघता बघता शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं पलीकडची झाली. ओढ्यावर पूल नव्हता. एक जाड ओंडका आडवा टाकला होता, त्यावरून ती मुलं डबे सावरत यायची आणि जायची.

नोव्हेंबरात एका दुपारी तोस्तेन बक्केची धाकटी सिगनी त्या ओंडक्यावरून पडली. अल्मेडा मुलांना काठापर्यंत पोचवायला गेली होती म्हणून निभावलं. ती कपड्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि वाहत चाललेली पोर वेणीला धरून बाहेर काढली. सिगनी आठवडाभरात हिंडूफिरू लागली, पुन्हा शाळेतही आली. पण अल्मेडाच्या मुठीत ती ओली वेणी राहिली ती राहिलीच. जेवताना, फळ्यावर लिहिताना, झोपायला टेकताना मूठ आपोआप मिटायची.

त्यात तिला स्वतःचं म्हणावं असं घरही नव्हतं. मास्तरीण पाळीपाळीनं प्रत्येकाच्या घरी राहायची, तशी तिथली रीत. ट्रंक उचलायची, दुसऱ्या घरी जायचं, तिथल्या पोरींच्या अंथरुणात जागा करून घ्यायची, तिथली मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस चांगलं झालंय म्हणायचं. जानेवारीपासून ती ऑर्कटांकडे होती आणि वेल्थी आणि ड्रूसिला या त्यांच्या दोन मुलींच्या मध्ये झोपत होती. दोघीही झोपेत लाथा मारायच्या.

ऑर्कट शाळेचा संचालक. माणूस आडमुठा होता, पण वाईट नव्हता. शाळेसाठी जागा त्यानंच दिली होती, तुळया त्यानंच तासल्या होत्या. खिडक्यांच्या काचा रेल्वे स्टेशनावरून गवतात गुंडाळून त्यानं स्वतः आणल्या होत्या, त्यातली एकही फुटली नव्हती, हे तो येईल त्याला सांगायचा. शाळा म्हणजे त्याला आपल्या हातची वस्तू वाटे. अल्मेडानं एकदा जेवताना पुलाचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला होता की उन्हाळ्यात बघू. बायको क्लॅरिसानं ताटावरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा त्यानं काकवीचं भांडं जरा जोरानं खाली ठेवलं. तो म्हणाला, पलीकडच्यांना पूल दिला की ते उद्या शाळाच मागतील.

खरं तर त्यांनी ती मागून झाली होती. आदल्या मार्चला भरलेल्या वस्तीच्या सभेत शाळा पूर्वेला हलवायची असं मतानं ठरलं होतं. ऑर्कटचं म्हणणं असं, की त्यातल्या काही मतदारांकडे अजून नागरिकत्वाचे कागद नव्हते, म्हणून ती सभाच खरी नव्हे. दोन्ही बाजूंनी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षणाधिकाऱ्याकडे तक्रारी गेल्या. तो काही बोलेना. वर्ष तसंच लोंबकळत गेलं.

अल्मेडानं मनाशी एक ठरवून टाकलं होतं. हिवाळ्याचं सत्र बर्फ वितळायच्या आत संपत होतं. ते संपलं की नेब्रास्कात भावाकडे निघून जायचं. मार्चात ओढा फुगेल, ओंडका बुळबुळीत होईल, आणि त्या काठावर दुसरंच कुणीतरी उभं असेल. हे तिनं वस्तीत कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा ती ते पुरतं सांगत नव्हती, भावाची फार आठवण येते एवढंच म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शुक्रवारी तिला ओढ्याच्या बर्फावर कडब्याचा एक रुंद पट्टा पसरलेला दिसला. त्यावर पाणी ओतून ते गोठवलं होतं. तिनं मोठ्या मुलांना विचारलं तर पलीकडची पोरं एकदम गप्प झाली आणि पाटीवर वाकली.

शनिवारी झाडलोट करायची म्हणून ती शाळेत आली. झाडलोट हे निमित्त. आठवड्यात एकदा तरी चार भिंतींत एकटं असावं, असं तिला वाटे. शेगडी पेटवून ती हात शेकत होती तेवढ्यात साखळदंडांचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर ओढ्याकडून बैलांच्या जोड्या एकामागून एक येत होत्या. त्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या, आणि बरोबर पलीकडची जवळजवळ सगळी पुरुषमाणसं होती. पुढं तोस्तेन बक्के होता.

त्यानं दारात येऊन टोपी काढली. त्याची इंग्रजी अजून तुटकी होती, म्हणून तो शब्द मोजून टाकायचा.

"बाई, तुम्ही बाहेर या. आम्ही शाळा नेतो."

"कुठं नेता?"

"आमच्या काठाला. सभेत ठरलं ना, तिथं."

"आणि मिस्टर ऑर्कट?"

"ते लिलावाला गेले. गावात. इकडचे सगळे गेले." त्यानं ओढ्याकडं बोट केलं. "सिगनीची आई म्हणते, पोरं ओंडक्यावरून, असा आणखी एक वसंत ती बघणार नाही. मी पण नाही बघणार."

अल्मेडा दारात उभी राहिली. ऑर्कटांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. क्लॅरिसाला सांगायला धावत जाणं तिचं कर्तव्य होतं, कारण त्या घरचं ती खात होती. दुसरीकडं ही माणसं जे करत होती ते तिच्या मनातलंच होतं, फक्त ते करायला तिच्याकडं बैल नव्हते. तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. पाय वळतील तिकडं माणूस जातो, तशी ती मागं वळली.

"शेगडीत विस्तव आहे," ती म्हणाली. "तो आधी काढा. आणि धुराडं उतरवा, नाहीतर छताला आग लागेल."

मग काम भराभर झालं. विस्तव बर्फात टाकला, धुराडं उतरवून बाकांच्या मधे आडवं ठेवलं. पहारी लावून शाळा पायाच्या दगडांवरून उचलली आणि खाली ओकचे दोन लांब ओंडके घातले, त्यांची टोकं होडीच्या नाकासारखी वर वळलेली. बक्केनं पुन्हा सांगितलं की बाई, आता उतरा. ती म्हणाली की फळा नुसता भिंतीला टेकवलेला आहे, तो धरायला कुणीतरी आत हवं. फळा खिळ्यांनी पक्का होता हे बक्केलाही दिसत होतं.  त्यानं दार बाहेरून अलगद लोटून घेतलं.

बैल जोर करू लागले तसा आधी नुसता करकर आवाज आला. मग खोलीला एक हिसका बसला, शाईच्या बाटल्या खुळखुळल्या, आणि खिडकीतलं ऑर्कटचं कुंपण हळूच मागं सरकलं. अल्मेडा फळ्याला पाठ लावून उभी होती. बाहेर माळ सरकत होता, पांढराशुभ्र, मधेच एखादं वाळलेलं सूर्यफूल. ऑर्कटांचं घर आलं आणि गेलं. दारात ड्रूसिला उभी होती, तोंडाचा आ वासून. अल्मेडाच्या एकाएकी ध्यानात आलं की आपण केव्हाच्या हललेलो नाही. पाय जागच्या जागी आहेत, मूठ उघडी आहे. जमीन हलत होती आणि ती स्थिर होती. तिला हसू आलं, आणि त्या पाठोपाठ भीती वाटली, की हे थांबलं म्हणजे पुन्हा सगळं सुरू होईल.

आणि ते थांबलं ओढ्याच्या मधोमध.

वेल्थी घोड्यावर टांग टाकून गावाच्या रस्त्याला सुटली होती. बाप तिला वाटेतच भेटला, कारण लिलावात मनाजोगं काही नव्हतं म्हणून मंडळी लवकर परतत होती. घोड्यांच्या दोन घसरगाड्या उधळत थेट बर्फावर आल्या. ऑर्कट गाडी थांबायच्या आत उडी मारून उतरला आणि त्यानं सगळ्यात पुढच्या बैलाचं शिंग धरलं. बैल थांबले. त्यांच्या मागचे थांबले. शाळा थांबली.

तो त्यांना चोर म्हणाला. बक्के म्हणाला, सभेत ठरलं होतं. ऑर्कट म्हणाला, ज्यांना या देशाचे कागद नाहीत त्यांची कसली आलीय सभा. पश्चिमेची माणसं गाड्यांतून उतरून त्याच्या पाठीशी जमली, पूर्वेची बैलांच्या बाजूनं पुढं आली. इंग्रजी आणि नॉर्वेची भाषा एकमेकींत मिसळून नुसता कालवा झाला. तोस्तेन सारखा खाली बोट दाखवत होता. तो म्हणत होता, चालवा, चालवा, आणि ऑर्कटला वाटत होतं की हा मला हुसकावून लावतोय.

अल्मेडानं आतून तो आवाज ऐकला. तो माणसांचा नव्हता. जमिनीखालून एक लांब कण्हण्याचा आवाज आला, मग तडतड. तिनं दार उघडलं. कडब्याच्या पट्ट्यावर, जिथं मघाशी कोरडं होतं, तिथं पाणी चढत होतं. शाळेखालच्या ओंडक्यांच्या मागच्या टोकांभोवती ते साचलं होतं.

ती खाली उतरली. बूट भिजले. ती माणसांना बाजूला सारत पुढं गेली आणि ऑर्कटच्या समोर उभी राहिली. तिला तिथं पाहून त्याचा आवाजच गेला.

"भांडायचं तर काठावर भांडा," ती म्हणाली. "बर्फ खचतोय. पायाकडं बघा."

त्यानं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्याच क्षणी मागचा डावा कोपरा हातभर खाली गेला, आणि आत कुठंतरी एक बाक धडाडून पडलं.

"मागं ओढा," ऑर्कट म्हणाला.

"मागं नाही," तोस्तेन म्हणाला. "मागं फुटलंय. पुढं."

ऑर्कट क्षणभर शाळेकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते अल्मेडानं पाहिलं आणि तिला त्याची दया आली. मग त्यानं शिंग सोडलं. तो आपल्या गाडीकडं धावला, घोडे सोडले, त्यांचा साखळदंड शाळेखालच्या ओंडक्याच्या पुढच्या टोकाला अडकवला, आणि आपल्या माणसांवर ओरडला की बघत काय उभे राहिलात, खांदा लावा. मग बैल, घोडे आणि माणसं, सगळी एकाच दिशेला वाकली. कोण कुणाच्या शेजारी आहे याचं भान कुणाला नव्हतं. मागचा कोपरा पाण्यातून वर आला, शाळा गचके खात काठ चढली, आणि वर सपाटीला लागताच उजव्या बाजूचा ओंडका मधोमध मोडला. शाळा एका अंगावर कलून बसली ती तिथंच. कुणालाही हवी होती त्या जागी ती पोचली नव्हती, पण ओढ्याच्या पूर्वेला होती.

तोस्तेनची बायको गुरो कॉफीची किटली घेऊन आली. तिनं पहिला पेला ऑर्कटपुढं धरला. त्यानं तो घेतला, उभ्याउभ्या प्यायला, पेला परत दिला. मग तो अल्मेडाकडं आला.

"तुम्ही आत होता."

"हो."

"माझ्या घरी सकाळचं खाऊन."

"हो."

त्यानं मान हलवली. तो म्हणाला, तुमची ट्रंक संध्याकाळपर्यंत पाठवतो. आणि घोडे घेऊन गेला.

सोमवारी पश्चिमेचं एकही मूल आलं नाही. शाळा कलती होती, खडू फळ्याच्या कडेवरून घरंगळत खाली पडत होते, आणि पूर्वेच्या मुलांना त्याची गंमत वाटत होती. अल्मेडा बक्केंकडे राहत होती. गुरो तिला आग्रह करून बटाट्याच्या पोळ्या वाढायची आणि सिगनी जवळ येऊन बसायची. सगळं मनासारखं झालं होतं. तरी तिच्या येरझाऱ्या थांबेनात. रिकाम्या बाकांपुढून जाताना तिचे पाय अडखळत. ती स्वतःशी म्हणायची, सत्र संपायला थोडेच दिवस उरलेत, नेब्रास्काला जायचंय. आणि मग मार्च आला. छपराच्या कडेवरून पाणी ठिबकू लागलं.

त्या शनिवारी ती ओढा ओलांडून ऑर्कटांकडे गेली. बर्फ अजून धरून होता, पण कडेला काळा पडला होता. क्लॅरिसानं तिला आत घेतलं. ऑर्कट लगाम शिवत बसला होता, त्यानं वर पाहिलं नाही. मुली स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींना ढकलत उभ्या होत्या.

तिनं सांगितलं की मुली शाळेत याव्यात म्हणून मी आलेय. तो म्हणाला, शिक्षणाधिकाऱ्याचा निकाल लागेल तेव्हा बघू. ती म्हणाली, निकाल लागेपर्यंत वेल्थी लग्नाची होईल. त्यावर वेल्थी हसली आणि बापानं पाहताच गप्प झाली.

"मी सत्र संपलं की जाणार होते," अल्मेडा म्हणाली. "बर्फ वितळायच्या आत. ओढ्यात आणखी कुणी पडलं तर ते मला बघवणार नाही, म्हणून. पोरांना वाऱ्यावर सोडून मी पळून जाणार होते, मिस्टर ऑर्कट. आता शाळा तिकडं आहे. ओंडक्यावरून येतील त्या तुमच्या मुली."

ऑर्कटची सुई थांबली. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. तिथून शाळेच्या पायाचे दगड दिसत होते, मधे एक चौकोनी खड्डा.

क्लॅरिसानं हात पुसले. सहसा ती नवऱ्याच्या बोलण्यात पडत नसे.

"लायमन," ती म्हणाली, "पूल बांध."

ऑर्कट पूल बांधायला लागला तो वैतागूनच. कुणाशी सल्लामसलत न करता त्यानं आपल्या काठावर लाकूड आणून टाकलं आणि खांब रोवायला सुरुवात केली. ते पाहून दुसऱ्या दिवशी तोस्तेननं आपल्या काठावर सुरुवात केली. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. निरोप असला की मुलं न्यायची, आणि वाटेत त्यात आपल्या पदरचं घालायची. बर्फ फुटायच्या आत पूल मध्यावर जुळला खरा, पण पश्चिमेचा भाग पूर्वेच्या भागापेक्षा वीतभर उंच निघाला. दोघंही मधे उभं राहून त्या पायरीकडं बघत राहिले. मग ऑर्कट म्हणाला की तुमचा खाली आहे. तोस्तेन म्हणाला की तुमचा वर आहे. एवढं संभाषण झालं आणि तेव्हापासून दोघं बोलायला लागले.

ओढा त्या वर्षी फार फुगला. पाणी पुलाच्या फळ्यांना लागून गेलं. अल्मेडा पुलाच्या तोंडाशी उभी राहायची, मुलं हात धरून रांगेनं जायची, आणि वेल्थी मुद्दाम त्या पायरीवरून उडी मारायची. अल्मेडानं तिला त्याबद्दल एकदा असं फैलावर घेतलं की मोठी मुलंसुद्धा चपापली. भीती गेली नव्हतीच. ती जाईल असं तिला आता वाटतही नव्हतं. पण हिवाळ्याचं सत्र संपलं तेव्हा तिनं ट्रंक बांधली नव्हती, लगेच उन्हाळ्याचं सत्रही घेतलं होतं.

मे महिन्यात पुन्हा सभा झाली. शाळा एव्हाना सरळ करून दगडांवर बसवली होती. सभेनं नवा संचालक म्हणून तोस्तेनला निवडलं, त्याचे नागरिकत्वाचे कागद हिवाळ्यातच आले होते. पुढच्या हिवाळ्यासाठी बाई राहतील का, असं त्यानं विचारलं. बायकांनी सभेत बोलायची पद्धत नव्हती, पण विचारलंच होतं म्हणून अल्मेडा उठली. ती म्हणाली की राहीन, पण पाळीपाळीनं घरोघर नाही. मला एक खोली हवी, एकाच ठिकाणी. अंथरुणात मी एकटी.

 मग ऑर्कट उठला. तो म्हणाला, खोलीचं काही नाही, आमच्याकडं माडीवर होईल, पश्चिमेला. तोस्तेन म्हणाला, शाळा पूर्वेला आहे तर बाई पूर्वेलाच राहतील. ऑर्कट म्हणाला, शाळा घेतलीत, आता मास्तरीणही घ्या. मागून कुणीतरी म्हणालं, तिला पुलावर घर बांधून द्या. हशा पिकला, आणि हसता हसताच सभा पुन्हा पेटली.

अल्मेडा बाहेर पडली. ऊन पडलं होतं, माळावर नवं गवत लवलव करत होतं. तिनं शाळेभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. आतून आवाज चढत होते आणि उतरत होते. बऱ्याच वेळानं तोस्तेन दारात आला. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला, शाळेला मागून एक खोली जोडायची असं ठरलं. अर्ध्या फळ्या इकडून, अर्ध्या तिकडून.

"खिडकी कुठं हवी, ते विचारतायत," तो म्हणाला. "ऑर्कट म्हणतात दक्षिणेला, ऊन येतं."

"ओढ्याकडं," ती म्हणाली.

"तिकडून वारा येईल."

"येऊ दे."

तो आत सांगायला गेला. अल्मेडानं त्या संध्याकाळी भावाला पत्र लिहिलं, की यंदा माझी वाट पाहू नका. पुढच्या वर्षाचं तिला काही सांगता येईना. ते वाक्य तिनं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मग खुर्चीवरून उठून, पत्र तसंच टेबलावर ठेवून, ती अंगणात पाय मोकळे करायला गेली.